आडवा केलेला बोरू पुन्हा उभा का राहतो? रब्बी मक्यापूर्वी रूळ फिरवताना वारंवार येणारी अडचण

खरिपात बोरू, म्हणजे हिरवळीच्या खताचा ताग, पेरायचा, तो नांगराने गाडण्याऐवजी लोखंडी रुळाने जमिनीवर आडवा करायचा आणि त्याच आच्छादनात, नांगरट किंवा रोटाव्हेटर न मारता, रब्बी मका टोकायचा, असा प्रयोग करणारे शेतकरी आता अधूनमधून भेटू लागले आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांची तक्रार एकच असते. रूळ फिरवला त्या संध्याकाळी रान सतरंजी अंथरल्यासारखे दिसते, फोटो काढले जातात, आणि आठ-दहा दिवसांनी मका टोकायला जावे तर निम्मा बोरू मान वर काढून पुन्हा उभा असतो. मग कोणी तणनाशक फवारतो, कोणी वैतागून रोटाव्हेटर घालतो, आणि पुढच्या वर्षी हा उद्योगच नको म्हणून मोकळा होतो.

माझ्या रानात हे सलग दोन वर्षे घडले. पहिल्या वर्षी मला वाटले की रूळ हलका आहे, म्हणून दुसऱ्या वर्षी त्यात पाणी भरून वजन वाढवले. बोरू तरीही उठला. तिसऱ्या वर्षी रुळाला हात न लावता फक्त तारीख बदलली आणि बोरू पडला तो पडलाच. या अनुभवावरून मी असे मानतो की बोरू रुळाने मरत नाही, वयाने मरतो. रूळ फक्त त्याला शेवटचा धक्का देतो. ज्यांचा बोरू दर वर्षी उठतो त्यांनी फॅब्रिकेशनच्या दुकानात जाण्यापूर्वी बांधावर उभे राहून पिकाचे वय पाहावे. तरी यंत्राचा आणि जमिनीचा दोष अजिबात नसतोच असे नाही, म्हणून त्यांच्याकडेही पुढे येतो.

रुळाचे काम नेमके काय असते, हे आधी स्पष्ट असायला हवे. रुळावर आडव्या किंवा किंचित तिरप्या बसवलेल्या बोथट पट्ट्या खोडाला दर वीत-दीड वितीवर चेपतात. खोड तुटत नाही, परंतु त्यातून पाणी आणि अन्नरस वाहून नेणाऱ्या नळ्या जागोजागी चिरडल्या जातात आणि झाड उभ्या उभ्या न वाळता आडवे पडून वाळते. ब्राझीलच्या दक्षिणेकडील राज्यांत विनानांगरणीची शेती करणारे शेतकरी असे रूळ फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील कुट्झटाऊन येथील रोडेल इन्स्टिट्यूटने तणनाशकाविना विनानांगरणी साधण्यासाठी या रुळाचा स्वतःचा नमुना तयार केला आणि तो पुढे बराच पसरला. ब्राझीलमध्ये त्याला ‘रोलो-फाका’ म्हणजे सुरीचा रूळ म्हणतात. हे नाव ऐकून आपल्याकडे काही जण पट्ट्यांना धार लावतात, आणि तिथेच एक वेगळी अडचण सुरू होते. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

अमेरिकेतील सगळी गणिते प्रामुख्याने राय या तृणधान्यावर बसवलेली आहेत. राय थंडीपूर्वी पेरतात, वसंतात ते कमरेच्या वर जाते, फुलोऱ्यात आल्यावर त्यावर रूळ फिरवतात आणि त्यात सोयाबीन पेरतात. रायला परागकण सुटू लागेपर्यंत थांबले, तर त्याची नवे फुटवे काढण्याची ताकद संपलेली असते. त्याआधी घाई केली, तर ते तिथेही उठते. मक्यापूर्वी हेअरी व्हेच हे वेलवर्गीय द्विदल पीक घेणारे तर फुलोऱ्याच्याही पुढे जाऊन, वेलीला शेंगा धरू लागेपर्यंत थांबतात. म्हणजे कधी थांबायचे हे प्रत्येक पिकागणिक वेगळे आहे, आणि एका पिकाचा नियम दुसऱ्याला लावला की फजिती ठरलेली.

आपल्याकडे ही फजिती अशी होते. हिरवळीच्या खताविषयी आपण सगळ्यांनी लहानपणापासून एक वाक्य ऐकलेले असते, ते म्हणजे बोरू पंचेचाळीस ते पन्नास दिवसांचा, फुलोऱ्यात येण्याच्या सुमारास गाडावा. हा सल्ला गाडण्यासाठी अगदी बरोबर आहे, कारण त्या वेळी खोड कोवळे आणि रसदार असते, मातीखाली ते झपाट्याने कुजते आणि नत्र लवकर मोकळा होतो. मात्र जो कोवळेपणा गाडताना उपयोगी पडतो तोच आडवे करताना आडवा येतो. पन्नासाव्या दिवसाचा बोरू रुळाखाली मोडत नाही, वेताच्या छडीसारखा लवतो. त्याच्या सालीतील वाख, म्हणजे चिवट धागा, शाबूत राहतो, शेंड्याकडे रस चालू राहतो आणि पानांच्या बेचक्यांतले डोळे अजून फुटण्याच्या तयारीत असतात. शिवाय बोरूला फुले एकदम येत नाहीत; खालून वर, टप्प्याटप्प्याने येत जातात. फुलांचा पहिला पिवळा तुरा दिसला याचा अर्थ पिकाची वाढ संपली असा होत नाही. थोडक्यात, गाडण्याची तारीख आणि लोळवण्याची तारीख एक नाही, आणि वारंवार येणाऱ्या या अडचणीचे मूळ बहुतेक वेळा याच गैरसमजात असते.

मग थांबायचे किती? दिवस मोजू नयेत, झाड पाहावे. तुऱ्याच्या तळाशी पहिल्या शेंगा धरलेल्या असाव्यात, त्या बोटांनी दाबल्यावर पोकळ व मऊ लागाव्यात आणि आतले दाणे नुसते टिपक्यांएवढे असावेत. त्यानंतर गुडघ्याच्या उंचीवर खोड दोन्ही हातांनी धरून पटकन वाकवावे. ते धनुष्यासारखे वाकून सोडताच सरळ झाले तर अजून थांबावे. ‘कट’ असा आवाज येऊन बाहेरची साल लटकती राहिली आणि आतले पांढरे भेंड मोडले तर वेळ आली असे समजावे. रानातल्या पाच-सहा वेगवेगळ्या जागी ही परीक्षा करावी, कारण पाटाकडेचा बोरू आणि माळाकडचा बोरू एका वयाचे असले तरी एका अंगाचे नसतात. उशीरही परवडत नाही. शेंगा वाऱ्याने खुळखुळू लागल्या म्हणजे बी पक्व झाले. त्यानंतर रूळ फिरवला तर आपणच बोरूची पेरणी केल्यासारखे होते आणि त्याचे खोडही इतके टणक होते की मका टोकताना हाताला खुपते. मऊ शेंग ते खुळखुळणारी शेंग यांच्या मधला काळ फार मोठा नसतो, म्हणून त्या दिवसांत ट्रॅक्टर दुसऱ्याच्या कामावर गेलेला असू नये.

पेरणीच्या तारखेचा इथे थेट संबंध येतो. बोरू हे लहान दिवसांचे पीक आहे; दिवस लहान होऊ लागले की त्याला फुलोऱ्याची घाई होते. जूनमध्ये पेरलेला बोरू लांब दिवसांत उंचच उंच वाढत राहतो, पुरुषभर उंची ओलांडतो आणि रुळाच्या कामी येईपर्यंत बुंध्याशी लाकडासारखा होतो. जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला पेरलेला बोरू कमी उंचीवर, कमी दिवसांत फुलतो. म्हणून एका शेतकऱ्याचे ‘अमुक दिवस’ दुसऱ्याला लागू पडत नाहीत. रब्बी मक्याची पेरणी साधारण १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या काळात करतात. त्यावरून उलटे मोजत आल्यास ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात रूळ फिरवता येईल अशा बेताने बोरू पेरावा लागतो. माझ्या रानात तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पेरला की हिशोब जुळतो. जूनमध्ये मूग घेऊन तो निघाल्यावर बोरू पेरणाऱ्यांना मक्याची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ढकलावी लागते. ती चालते, पण हातात फारसे दिवस उरत नाहीत.

आता समजा, वय योग्य होते आणि तरीही बोरू उठला. अशा वेळी उठलेली झाडे किती आहेत यापेक्षा ती रानात कुठे आहेत हे पाहणे जास्त उपयोगाचे ठरते, कारण ती जागाच कारण सांगते.

झाडे सगळ्या रानभर सारखी उठली असतील तर, पुन्हा सांगतो, वय चुकले आहे. झाडे दोन समांतर पट्ट्यांत, चाकोरीसारखी उठली असतील तर ती खरोखरच चाकोरी असते. रूळ ट्रॅक्टरच्या मागे जोडलेला असला की आधी टायर बोरूवरून जातो, खोडे मऊ मातीत दाबून बसवतो, आणि मागून येणारा रूळ त्या खोबणीवरून नुसता तरंगत पुढे जातो. रोडेलच्या नमुन्यात रूळ ट्रॅक्टरच्या पुढे बसवतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना पुढे उचलण्याची सोय नसते, म्हणून मागच्या रुळाने एकदा रान झाल्यावर त्याच दिशेने, परंतु अर्धी रुंदी सरकून दुसरा फेरा मारावा. पहिल्या फेऱ्याची चाकोरी दुसऱ्या फेऱ्यात रुळाच्या मध्यभागी येते. मी हा दुसरा फेरा आता नेहमीचाच धरून चालतो, डिझेलचा खर्च मनात लिहून ठेवतो आणि गप्प बसतो.

झाडे सखल भागात किंवा पाटाच्या तोंडाशी उठली असतील तर जमीन ओली होती. रूळ हा हातोडा आहे आणि जमीन ही ऐरण. ऐरणच मऊ असेल तर घाव बसत नाही. परतीच्या पावसानंतर काळ्या रानात घाई केली की खोड चेपण्याऐवजी चिखलात रुतते, वरून रान सपाट दिसते, आणि चार दिवसांनी माती सुकली की खोड आपसूक सुटून वर येते. पेरणीला लागतो तेवढा वाफसाही रुळासाठी थोडा ओलाच असतो. टाचेने दाबल्यावर खळगा पडणार नाही इतकी वरची माती घट्ट झालेली असावी. मुरमाड रानात ही अडचण जवळजवळ येत नाही, आणि त्यामुळेच माळाच्या रानातला शेतकरी काळ्या रानातल्या शेतकऱ्याला ‘आमचा बोरू तर एका फेऱ्यात पडतो’ असे सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

झाडे ठिपक्या-ठिपक्यांनी उठली असतील तर त्या ठिकाणी बसून पाहावे. तिथे बहुधा पूर्वी नांगी पडलेली, म्हणजे बी न उगवल्याने जागा रिकामी राहिलेली असते. मोकळी जागा मिळालेल्या एका झाडाने भरपूर फांद्या काढलेल्या असतात, त्याचा बुंधा अंगठ्याहून जाड झालेला असतो, आणि रूळ त्या बुंध्यावर चढला की आजूबाजूच्या हातभर जागेतली बारीक खोडे न चेपता सुटतात. दगड, जुन्या सरीचा वरंबा, उसाच्या खोडव्याचे राहिलेले बेट, यांचाही परिणाम असाच होतो. त्यावर उपाय बोरू पेरतानाच करायचा असतो. रान सपाट असावे आणि बी एकरी वीस ते पंचवीस किलो, सारखे पडावे. दाट बोरू सरळ, बारीक आणि बिनफांदीचा वाढतो, आणि असाच बोरू रुळाला सोपा जातो. बी महाग झाले म्हणून दहा-बारा किलोत भागवणाऱ्यांना मी दोष देत नाही, परंतु त्यांनी ते पीक गाडावे, लोळवू नये.

धुऱ्याजवळ आणि वळणांवर उठलेल्या बोरूचे कारण फक्त वेग आणि उचलण्याची घाई हेच असते. मागे वळून पाहावे. रूळ उड्या मारत असेल तर वेग निम्म्यावर आणावा.

राहता राहिला रूळ. फॅब्रिकेशनवाल्याकडे जाताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पट्टीची कड बोथट असावी. सहा मिलिमीटर जाडीची साधी पट्टी, धार न लावता, पुरते. धारदार पट्टी बोरू मध्येच कापते, जमिनीपासून हात-दीड हात उंचीचे जिवंत सड मागे राहतात आणि त्यांच्या बेचक्यांतून आठवडाभरात जोमाने फूट निघते. झाड मारायला निघालेला माणूस अशा वेळी नकळत छाटणी करून बसतो. दुसरे म्हणजे दोन पट्ट्यांमधले अंतर. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्याचा घेर सुमारे १२६ सेंटिमीटर येतो. त्यावर सात पट्ट्या बसवल्या की नळकांड्यावर दोन पट्ट्यांमध्ये अठरा सेंटिमीटर राहतात, आणि पट्टीची उंची धरून खोडावर पडणारा घाव त्याहून थोडा लांब पडतो. तिसरे म्हणजे वजन. याच व्यासाचे दीड मीटर लांबीचे नळकांडे पाण्याने भरले तर सुमारे १८८ लिटर पाणी मावते, म्हणजे तितकेच किलो वजन वाढते, आणि काम संपल्यावर ते सोडूनही देता येते. पट्ट्या सरळ आडव्या बसवल्या तर प्रत्येक पट्टी टेकताना ट्रॅक्टरला धक्का बसतो. त्या तिरप्या किंवा बाणाच्या टोकासारख्या बसवल्यास धक्का कमी होतो आणि एका वेळी जमिनीला टेकणाऱ्या थोड्या जागेवर सगळे वजन येते. रस्त्याच्या कामाचा गुळगुळीत रूळ किंवा ढेकळे सपाट करायचा लाकडी मैंद फिरवून हे काम होत नाही. त्याने बोरू झोपतो, पण मोडत नाही.

रूळ फिरवल्यावर चौथ्या दिवशी सकाळी रानात जाण्याची सवय लावावी. आडव्या खोडाचा शेंडा पाहावा. खोडातला रस तुटला असेल तर शेंडा मरगळून जमिनीकडे लोंबतो आणि पाने करडी पडू लागतात. रस चालू असेल तर शेंड्याची शेवटची वीत-दोन विती आकाशाकडे वळलेली दिसते, हंसाच्या मानेसारखी. पाने मात्र तेव्हाही थोडी कोमेजलेली असतात, म्हणून दुरून फसगत होते. एक मीटर लांब-रुंद चौकट टाकून अशा वळलेल्या माना मोजाव्यात. दहात एखादी असेल तर सोडून द्यावी. मका वर येईपर्यंत ती सावलीत दबते किंवा खुरप्याने निघते. दहात तीन-चार असतील तर पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान दुसऱ्यांदा रूळ फिरवावा, तोही पहिल्याच दिशेने. उलट दिशेने फिरवल्यास पट्ट्या खोडांच्या शेंड्याकडून आत शिरतात, पडलेला बोरू उचलून विस्कटतात आणि आच्छादनात भगदाडे पडतात. दहात सहा-सात माना वळलेल्या असतील तर रुळाचा नाद त्या वर्षापुरता सोडावा आणि ब्रश कटरने किंवा विळ्याने अगदी जमिनीलगत कापावे. बोरू बुंध्याशी, पहिल्या पानाच्या खुणेखाली कापला तर सहसा फुटत नाही. उंचावर कापला तर हमखास फुटतो.

पुढची तक्रार मका उगवला नाही, किंवा झुबक्या-झुबक्यांनी उगवला, अशी असते. बोरूच्या सालीपासून एके काळी गावोगाव दोर वळले जात, ही गोष्ट पेरणीची पाभर घेऊन या रानात शिरणाऱ्याला पहिल्या पन्नास पावलांतच आठवते. रूळ फिरवल्यानंतर तीन-चार दिवसांनी खोड ना ओले असते ना वाळलेले. ते चामड्यासारखे चिवट असते. या अवस्थेत फणाला वाख गुंडाळला जातो, आणि कापणी-तबकडी असलेले विनानांगरणीचे पेरणीयंत्र असले तरी तबकडी खोड कापण्याऐवजी त्याची घडी घालून चरात दाबते. दाणा मातीला न टेकता त्या घडीत बसतो, थोडा फुगतो आणि वाळून जातो. चर उकरून पाहिला की दाण्याखाली दुमडलेली साल दिसते. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. म्हणून पेरणी एक तर रूळ फिरवला त्याच दिवशी, खोड हिरवे आणि कडक असताना करावी, नाही तर दहा-बारा दिवस थांबून खोड वाळून ठिसूळ झाल्यावर करावी. मधले दिवस टाळावेत. यंत्र नेहमी बोरू पडला त्याच दिशेने चालवावे.

माझे मत विचाराल तर एक-दोन एकरांसाठी यंत्राच्या मागे लागूच नये. पाऊण मीटरच्या ओळींत वीस सेंटिमीटरवर मका टोकायचा आहे. तो माणसाच्या हाताने उत्तम होतो. टोकणारीने डाव्या हाताने आच्छादन तळहाताएवढे बाजूला सारावे, मातीत चार-पाच सेंटिमीटर खोल दाणा टाकून माती दाबावी आणि आच्छादन पुन्हा पूर्ण झाकू नये. ते झाकले की कोंब अंधारात लांबतो, पिवळा पडतो आणि वाळलेल्या पानांखालीच वळसे घेत राहतो. पहिल्या वर्षी आमच्याकडे नेमके हेच झाले, कारण झाकलेले छान दिसते. टोकणाऱ्या बायकांपैकी एकीने विचारलेही होते, ‘भाऊ, ह्यो कोंब वर यायचा कुटनं?’ तेव्हा मी तिला आच्छादनाचे फायदे समजावून सांगत बसलो, आणि नंतर नांग्या भरायला तिलाच बोलवावे लागले.

तण दबले नाही ही तक्रार मात्र मी तक्रार मानत नाही, कारण तिथे अपेक्षाच मुळात चढी असते. रायच्या आच्छादनाने तण दबते तेव्हा त्याचे वाळलेले वजन हेक्टरी आठ टनांच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ८०० ग्रॅम असावे असे तिकडचे जाणकार मानतात. आपला चांगला बोरू हेक्टरी पंधरा-वीस टन हिरवा भरतो आणि त्यातले तीन-चतुर्थांश पाणीच असते. वाळल्यावर चौरस मीटरला ४०० ते ५०० ग्रॅम उरतात, त्यातली पाने पहिल्या महिन्यात गळून कुजतात आणि पुढे खोडांची जाळी तेवढी राहते. एवढ्यावर वर्षायू तण बऱ्यापैकी कमी होते, पण लव्हाळा आणि हराळी यांना आच्छादन म्हणजे उलट थंडगार ओलावा. ती जाळीतून सुया काढाव्यात तशी वर येतात. ज्या रानात ही दोन तणे मातलेली आहेत तिथे आधी त्यांचा बंदोबस्त करावा आणि मगच रुळाचा विचार करावा.

आच्छादन वाढवण्यासाठी बोरूत कडवळ (चाऱ्याची ज्वारी) किंवा बाजरी मिसळावी, असा सल्लाही दिला जातो. कल्पना चांगली आहे, पण ज्वारीचा खोडवा फुटतो हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. फुलोऱ्यापूर्वी लोळवलेली ज्वारी बुडातून पुन्हा फुटते, आणि तिच्या कोवळ्या फुटव्यांनी जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ती गोष्ट वेगळीच. चवळीच्या वेली रुळाखाली नुसत्या दबतात आणि पुन्हा पसरू लागतात. धैंचा हे हिरवळीच्या खताचे दुसरे पीक लवकर लाकडी होते, त्यामुळे त्याचा रुळायोग्य काळ बोरूपेक्षाही आखूड असतो. चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेल्या, रानात तोच घ्यावा लागणार असेल तर शेंगांची वाट न पाहता वाकवून मोडण्याच्या परीक्षेवरच भर द्यावा.

मका पिवळा पडण्याची तक्रार थोडक्यात सांगतो. बोरूच्या नत्राचे जे आकडे पुस्तकांत असतात ते गाडलेल्या बोरूचे असतात. वर पडलेला बोरू सावकाश कुजतो, त्यातला काही नत्र हवेत जातो आणि मक्याला सुरुवातीच्या महिन्यात हवा तेव्हा तो हजर नसतो. म्हणून शिफारशीतला नत्राचा पहिला हप्ता कमी करू नये, आणि युरिया आच्छादनावर फेकू नये. तो ओळीच्या कडेला मातीत पडला पाहिजे आणि लगेच पाणी दिले पाहिजे.

उंदीर, वाळवी आणि रोपे कुरतडणारी अळी या आच्छादनाखाली सुखाने राहतात. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची रोपे कशी फस्त केली हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी ओलसर, झाकलेल्या रानात त्यांची अंडी आणि पिले आधी शोधावीत. मक्याच्या उगवणीपासून तीन आठवडे दर दोन दिवसांनी आच्छादन उचलून पाहण्याची तयारी नसेल तर नुकसान दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

हे सगळे पाण्याची सोय असलेल्या रानासाठी लिहिले आहे. जिरायत रब्बी ज्वारीपूर्वी हीच पद्धत वापरणाऱ्यांची अडचण वेगळी असते. त्यांचा बोरू पडतो नीट, पण ज्वारी धाट धरण्यापूर्वीच करपते, कारण शेंगा धरेपर्यंत उभ्या असलेल्या बोरूने जमिनीतली ओल पिऊन टाकलेली असते. ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात व्हायची असल्यामुळे तिथे बोरू पावसाच्या सुरुवातीलाच पेरावा लागतो आणि ऑगस्टअखेर तो खाली यावा लागतो, म्हणजे सप्टेंबरचा पाऊस आच्छादनाखाली मुरतो. त्या वेळी तो रुळाच्या वयाला आलेला नसेल, आणि जूनच्या पेरणीचा बोरू बहुधा आलेला नसतोच, तर शेंगांची वाट पाहत ओल घालवण्यापेक्षा तो जमिनीलगत कापून तिथेच पसरावा. ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाऊस बेताचाच असेल तर त्याहीपूर्वी कापावा. सब्बलीने हातभर खड्डा घेऊन तळाच्या मातीचा गोळा वळतो का हे पाहिले की थांबायचे की कापायचे याचा निर्णय तिथल्या तिथे घेता येतो.